डिस्क आमची, तोंडं लोकांची

आमच्या स्टुडिओत एसी होता, पण तो आमच्यासाठी नव्हता. पाठीमागच्या अरुंद खोलीत मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेल्या हार्डडिस्कांची रांग होती. त्यांना उकाडा सोसत नसे. एप्रिल-मेमध्ये आम्ही नवरा-बायको पत्र्याखाली घाम पुसत बसायचो आणि काचेच्या दारापलीकडं त्या डिस्का गारव्यात असायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "वैनी, आत बसा की." मी म्हणायची, "आतल्यांनाच जागा पुरंना."

चौसाळ्याजवळ, हायवेला लागून आमचं गाव. यांनी कॅसेटच्या काळात शूटिंग सुरू केलं. आसपासच्या दहा-वीस गावांतली लग्नं, साखरपुडे, शाळांची गॅदरिंगं, नारायणगडाची जत्रा, सगळं यांच्या कॅमेऱ्यानं पाहिलेलं. पुढं साखरेनं यांची नजर खाल्ली. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं. एडिटिंग मी आधीपासून करत होतेच, यांच्या शेजारी बसून शिकले होते. मग कॅमेराही मीच उचलला. पहिल्या लग्नात वरबापानं विचारलं, "बाई शूटिंग करती?" मी म्हटलं, "नवरी बाईच हाय ना? मग बाई का नको?" त्यानं सरकून कॅमेऱ्याला जागा दिली. तेव्हापासून अशी उत्तरं तयार ठेवायची सवय लागली.

जुन्या कॅसेटी यांनी डोळे होते तोवर सगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. पण त्या डिस्का सांभाळणं म्हणजे म्हशी सांभाळण्यासारखं होतं. लाईट गेली की इन्व्हर्टर थोडा वेळ कण्हायचा, मग तोही मान टाकायचा. एका उन्हाळ्यात अशीच लाईट जात-येत राहिली आणि एक डिस्क बसली. तिच्यात एका सबंध हंगामातली लग्नं होती. बीडला नेली, पुण्याला पाठवली, काही निघालं नाही. मला लोकांना जाऊन सांगावं लागलं की तुमच्या मुलीचं लग्न आमच्याकडून गेलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमची लेक पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "आई, सगळं नेटवर ठेवून दे. त्यांच्याकडं मोठमोठाल्या इमारती असतात."

"कुठं असतात?"

"ते आपल्याला कळत नसतं."

"मग नको. लोकांनी लग्नं माझ्या भरवशावर दिलीत. कुठं ठेवलीत ते मला बोटानं दाखवता आलं पाहिजे."

ती चिडली, फोन ठेवला. पण दिवाळीला आली तेव्हा पिशवीतून एक काळा डबा काढला, साधारण दोन वह्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढा. मागं एक नेटवर्कची वायर लावायचं भोक, एक विजेचं, आणि पुढं बारीक हिरवा दिवा. मला वाटलं, आणखी एक हार्डडिस्क. ती म्हणाली, "ही नुसती साठवत नाही. हिच्यातच छोटा प्रोसेसर आहे, आणि नेटवर्कही हिचं स्वतःचं. मोठा कॉम्प्युटर लागतच नाही."

मी म्हटलं, मला समजेल असं सांग.

ती म्हणाली, "आपण आत्तापर्यंत काय करत होतो? कोठीतली सगळी ज्वारी पोत्यांत भरून दुसऱ्या गावाला न्यायची, तिथं चाळायची, परत आणून कोठीत भरायची. सगळी वीज त्या ने-आण करण्यात जायची. हिच्यात चाळणी कोठीच्या आतच बसवलीय. जे पाहिजे तेवढंच बाहेर येतं."

हे मला लगेच पटलं. असे दोन डबे बसवले आणि मोठा कॉम्प्युटर बंद केला. एसी बंद झाला तशी ती मागची खोली एकदम मुकी झाली. शेजारच्या गाळ्यात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवणारे भाई येऊन मीटर लावून बघून गेले. म्हणाले, "भाभी, ये तो दिव्याएवढी बी लाईट खाईना. आमचा धंदा बंद करताय का?" मी त्या खोलीत खुर्ची टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

डबा आणखी एक काम करायचा. शूटिंगमधले चेहरे ओळखून वेगळे काढायचा. लेकीनं ते सुरू करून दिलं तेव्हा चार-पाच दिवस तो आपल्याच नादात घुमत बसला आणि मग सगळ्या जुन्या-नव्या लग्नांतला एकेक माणूस वेगळा करून पुढ्यात ठेवला. एका चेहऱ्यावर बोट ठेवलं की तो माणूस ज्या ज्या लग्नात आला असेल ती लग्नं दिसायची. यातलं काहीही गाळ्याबाहेर जात नव्हतं. नेट बंद असलं तरी चालायचं.

हे गावात कळायला वेळ लागला नाही. एक दिवस हायवेपलीकडच्या वस्तीवरची एक बाई तिच्या मावशीला घेऊन आली. ही बाई गावातल्या संस्थेच्या शाळेत खिचडी शिजवायची, हंगामी. दाराशीच उभी राहून म्हणाली, "काकी, माझ्या आईचा फोटो न्हाई. एक बी न्हाई. मी लहान होते तवाच गेली. ती लग्नात पोळ्या लाटाया जायाची, आचाऱ्याच्या हाताखाली. तुमच्या कॅसेटात आसंल का?"

"तोंड कसं होतं?"

"मलाच आठवंना. म्हणून मावशीला आनलं."

मी कॅसेटच्या काळातली लग्नं निवडली आणि बायकांचे चेहरे पडद्यावर लावले. म्हातारी एकेक बघत होती. मधेच "ही त्या ह्यांची सून, ही वारली" असं सांगायची. जेवणाआधी बसली होती, चहा झाला, तरी बघतच होती. मग एका ठिकाणी तिनं हात वर केला आणि तसाच ठेवला.

"ही."

पिठानं भरलेले हात, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, कॅमेरा आला म्हणून वैतागून बाजूला बघणारी एक तरणी बाई. मी तिच्यावर बोट ठेवलं. डब्यानं ती आणखी पुष्कळ लग्नांत शोधून काढली. कुठं मंडपामागं चुलीशी, कुठं पंगतीत वाढताना, एके ठिकाणी वरातीच्या बँडसमोर हसत उभी. यांच्या कॅमेऱ्यानं तिला कधीच टिपायचं म्हणून टिपलं नव्हतं. ती कडेला असायची, एवढंच.

तिची लेक रडली नाही. पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "माझ्यासारखी उंच हाय." हे कोपऱ्यात बसले होते. त्यांना पडदा दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "कुठल्या मांडवात होती?" मी सांगितल्यावर म्हणाले, "हां. तिथं उजेड चांगला होता."

त्यानंतर अशी माणसं येत राहिली. मला त्या डब्याचा अभिमान वाटायला लागला, आणि अभिमानामुळं मी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. जे यंत्र आई शोधून देतं ते दुसरं काहीही शोधून देईल.

हायवे चौपदरी झाल्यापासून पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना गावात यायला जीव मुठीत धरून पळावं लागायचं. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं, सगळी तशीच पळायची. एक म्हातारा गेला, मग एक तरणा पोरगा गेला. लोकांनी खालून भुयारी रस्ता मागितला, अर्ज केले, वाट पाहिली आणि मग रास्ता रोको केला. आंदोलनवाल्यांनी मला शूटिंगला बोलावलं. कुणी दगड मारल्याचा खोटा आळ आला तर पुरावा असावा म्हणून. मी सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात उभी होते. बायका डांबरावर लुगडी अंथरून बसल्या होत्या. त्यांत ती खिचडीवाली बाईही होती. मला बघून तिनं मान हलवली. शांततेत झालं, निवेदन दिलं, लोक उठून गेले.

आठवडाभरानं दुपारच्या वेळी आमच्या गाळ्याचे मालक आले. हे मालक पूर्वी सरपंच होते आणि शाळा ज्या संस्थेची तिचे कारभारी. त्यांच्यावर एक मोठा पुढारी होता आणि त्याला तो रास्ता रोको आपल्याविरुद्धचाच वाटला होता. मालक माणूस गोड बोलणारा. बसले, यांची तब्येत विचारली, पाणी प्याले.

"वैनी, तुमचं ते यंत्र लई नामी हाय म्हणं. मान्सं हुडकून देतंय."

"देतंय की. कुणाला हुडकायचंय?"

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "ह्यात आमच्या संस्थेतल्या सगळ्या लोकांचे फोटो हाईत. त्या दिवशी रस्त्यावर आमच्यातलं कोण कोण बसलं हुतं, तेवढं बघून द्या. दहा मिनिटांचं काम."

खरंच दहा मिनिटांचं काम होतं. हेच मला आधी सुचलं. डबा नसता तर त्या गर्दीतून माणसं ओळखत बसायला कुणाला फुरसत होती? गर्दीत बसलेला माणूस गर्दीतच राहिला असता.

"बघून काय करायचं?" मी विचारलं.

"काय न्हाई. बोलावून समजावून सांगू."

"समजावायचं तर सगळ्यांनाच समजावा. शाळेच्या फळ्यावर लिहा."

ते हसले. "वैनी, तुमी बी ना."

"हे काम व्हायचं न्हाई, मालक."

"कावून?"

"डिस्क माझी हाय. तोंडं माझी न्हाईत. लोकांनी तोंडं शूटिंगला दिली, तुमच्या हजेरीला न्हाई."

त्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. ते यांच्याकडं वळले. "दादा, तुमी सांगा की जरा. बायमान्साला समजत न्हाई."

यांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला कुठं दिसतंय मालक? ती बघती ते खरं."

मालक उठले. पेनड्राइव्ह टेबलावरच ठेवून जायला लागले, म्हणाले, विचार करा. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. तो टेबलावर राहिला असता तर अर्धा होकार दिल्यासारखं झालं असतं.

ते गेल्यावर यांचा आवाज बदलला. "मी बोललो खरं. पर गाळा त्यांचा हाय. शाळेचं गॅदरिंग त्यांच्या हातात. आता काय करायचं?" मला राग आला यांचा, आणि लगेच दयाही आली. घाबरत घाबरत त्यांनी माझी बाजू घेतली होती. मी लेकीला फोन लावला. ती आधी म्हणाली, "आई, त्या दिवसाचं शूटिंगच पुसून टाक, भानगड नको."

"का पुसू? लोक चोरून बसले न्हवते. उद्या दगड मारल्याची केस झाली तर हेच दाखवावं लागंल."

मग तिनं सांगितलं की शूटिंग वेगळं असतं आणि चेहऱ्यांची ओळख वेगळी असते. डबा ती ओळख आपल्यापाशी निराळी लिहून ठेवतो. तिनं सांगितलं तसं एकेक करत मी त्या दिवसाची ओळख पुसली आणि त्या शूटिंगला चेहरे शोधायची बंदी घातली. शूटिंगची एक प्रत आंदोलनवाल्यांना दिली. आता त्या दिवशी कोण बसलं होतं हे डब्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण माझ्या डोक्याला वायर लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाळा उघडला तर लाईट नव्हती. बाकीच्या गाळ्यांत होती. आमचा सबमीटर मालकांच्या मीटरवरून होता, त्यांनी आमचा फ्यूज काढून नेला होता. मी विचारायला गेले तर मालक म्हणाले, "वायरिंग जुनी झाली वैनी. दुरुस्तीला काढलीय. कवा व्हईल सांगता येत न्हाई."

मी म्हटलं, "बरं."

परत आले तर भाई त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचाही गाळा त्याच मालकांचा. मी म्हटलं, "भाई, तुमी यात पडू नका."

"मी कशात पडतोय? मी बॅटरी विकतो. तुमी गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला बॅटरी देणं गुन्हा हाय का?" त्यांनी मोटरसायकलला असते तसली एक बॅटरी आणली, तिला डब्याला चालेल असा जोड लावला. हिरवा दिवा लागला. भाईंनी त्याच्याकडं बघत दाढीवरून हात फिरवला. "बडा कॉम्प्युटर असता तर दुपारीच मेला असता. हा दिवसभर चालंल."

आणि तो चालला. मी घरी बॅटरी चार्ज करायची, सकाळी स्कुटीच्या पायदानावर ठेवून आणायची. फोटो घरून चार्ज केलेल्या लॅपटॉपवर, डबे बॅटरीवर, उजेड दारातून येईल तेवढा. पंखा नव्हता. उघड्या दारासमोर खुर्ची टाकून मी मुद्दाम काम करत बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. कुणी विचारलं, लाईट गेली का, तर मी सांगायची, "गेली न्हाई, नेलीय." हे वाक्य गावभर झालं.

रोज घरी जाताना दोन्ही डबे भाजीच्या पिशवीत घालून सोबत न्यायची. पूर्वी याच सगळ्यासाठी एक खोली आणि एसी लागायचा. आता सबंध परिसराची लग्नं मेथीच्या जुडीशेजारी बसायची. कुणी गाळा फोडला असता तरी त्याला रिकामं टेबल मिळालं असतं.

शाळेच्या गॅदरिंगचं काम त्या वर्षी बीडच्या स्टुडिओला गेलं. मालकांच्या घरच्या लग्नाचंही. काही ओळखीची माणसं पासपोर्ट फोटो काढायला चौसाळ्याला जायला लागली. मला दिसायचं ना, हायवेवर उभी राहून जीपची वाट बघणारी. मी त्यांना हाक मारून रामराम घालायची. त्यांना अवघडायला व्हायचं. होऊ दे की. मलाही पंख्याशिवाय उकडायचंच.

संस्थेनं कामावरून कुणालाही काढलं नाही. ती बाई अजून खिचडी शिजवते. मालक माझ्याकडं का आले होते हे तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती उगाच मिंधी झाली असती.

महिना संपता संपता मालकांचा निरोप आला, गाळा खाली करा. आम्ही केला. एसी काढून विकला आणि घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ मांडला. पत्र्यावर एक सोलरचं पॅनल बसवायला भाई स्वतः चढले. खालून मी ओरडत होते, पत्रा जुना हाय. ते वरून म्हणत होते, भाभी, टेन्शन नक्को. घरावरची स्टुडिओची पाटी हायवेवरून दिसत नाही. त्यामुळं वाटेवरचं गिऱ्हाईक तुटलं, हे खरं आहे. ते मी कमी करून सांगणार नाही.

नव्या जागेत बस्तान बसतंय तोवर आंदोलनवाल्यांचा पुढचा माणूस आला. बोलका, तडफदार, त्या दिवशी रस्त्यावर सगळ्यांच्या पुढं तोच होता. मला वाटलं, चौकशीला आला असेल. भुयारी रस्त्याचं मोजमाप करून लोक गेलेत, असं त्यानं सांगितलं. मग खुर्ची जवळ ओढली.

"ताई, एक काम हाय. मागं त्या पुढाऱ्याची सभा झालती, तुमचंच शूटिंग हाय. आमच्या आंदोलनातले काही जण तिथं पुढच्या रांगेत हुते म्हणं. इकडं बी आन तिकडं बी. फितूर कोण ते तेवढं काढून द्या. आमी काय त्यांना खाणार हाव का?"

शब्दसुद्धा मालकांचेच होते, थोडेफार.

"न्हाई देणार."

त्याला आधी गंमत वाटली. "अहो ताई, आमी हाव. तुमी आमच्याच ना?"

"रस्त्यासाठी म्हणाल तर तुमचीच. उद्या परत बसा, मी फुकट शूटिंग करीन. पर ह्यासाठी न्हाई."

"म्हंजी तुमी त्यांना बी न्हाई अन् आमाला बी न्हाई?"

"आपल्या माणसाचा फोटो पाहिजे तर हे यंत्र उघडं हाय. दुसऱ्याच्या माणसाला पकडायचं असंल तर बंद हाय. त्यांना सांगितलं तेच तुमाला."

"मग ठेवा तुमचा डबा उराशी धरून," असं म्हणून तो उठला. चहा ठेवला होता, तोही घेतला नाही. मी तो परत पातेल्यात ओतला.

हे आतल्या खोलीतून भिंत चाचपत बाहेर आले. "कोण आलतं?"

मी सांगितलं.

"म्हंजी आता दोन्हीकडची कामं गेली."

"गेली."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "उद्या वरच्या आळीत हळद हाय ना? त्या घराच्या अंगणात सकाळी नवरीच्या तोंडावर ऊन येतं. तिला लिंबाच्या झाडाकडं पाठ करून बसव."

मी कॅमेरा पुसायला घेतला.